एपीआय कळेना झालंय, क्लास लावू का?

पत्राचा सारांश: खानापूर तालुक्यातल्या एका गावातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, रोज बसने जाऊन-येऊन. पायथन व्हिडिओ बघून शिकली, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी जमतात. घरी रताळी आणि बटाटे होतात, आणि वडील भाव कळावा म्हणून दर वेळी तीन-चार जणांना फोन लावतात, म्हणून फायनल प्रोजेक्टला बाजारभाव दाखवणारं छोटं ॲप करायचं तिने ठरवलंय. पण एपीआयपाशी, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरची माहिती आपल्या प्रोग्राममधून मागायच्या सोयीपाशी, येऊन सगळं अडलं. एआयकडून कोड लिहून घेतला, तो एक दिवस चालला आणि दुसऱ्या दिवशी रिकामी यादी आली, का ते कळलं नाही. ती विचारते, "ताई, एपीआय कळायला आधी नेटवर्किंग, सर्व्हर, जावास्क्रिप्ट हे सगळं यायला लागतं काय? माझं इंग्लिश कच्चं आहे म्हणून असं होतंय का? एका क्लासवाल्यांनी १५ हजार सांगितलेत, शनिवारपर्यंत पहिला हप्ता भरायचाय. भरू का?"

शनिवारचा हप्ता आत्ता भरू नकोस, हे पहिलं सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. कधीच भरू नको असं नाही म्हणत, त्याच्यावर शेवटी येते.

तुझ्या पत्रात एक वाक्य दोन-तीनदा आलंय, "मला एपीआय येत नाही". जसं काही एपीआय हा एक विषय आहे, त्याचं एक पुस्तक आहे आणि ते तुझ्याकडून वाचायचं राहून गेलंय. तसं नाही गं. तू पायथनमध्ये पहिल्या दिवशी प्रिंट लिहिलंस, मग लेन वापरलंस, लिस्टला अपेंड केलंस, तेव्हा आतमध्ये ते काम कसं होतं हे तुला माहीत होतं का? नव्हतं. काय द्यायचं आणि काय परत मिळतं एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर तू दोन वर्षं कोड लिहितेयस. तोही एपीआयच. हा शब्द वेबच्याही आधीपासूनचा आहे, दुसऱ्याने लिहिलेलं काम आपल्या प्रोग्राममधून कसं मागायचं याचा ठरलेला करार, एवढाच त्याचा अर्थ. आता फरक इतकाच की ते दुसऱ्याचं काम तुझ्या लॅपटॉपमध्ये नाही, लांब कुठल्यातरी सर्व्हरवर आहे, आणि मध्ये इंटरनेट आहे. अडचणी येतात त्या या मधल्या अंतरामुळे.

सगळे व्हिडिओवाले हॉटेलातल्या वेटरचं उदाहरण देतात, तूही पत्रात तेच लिहिलंयस. मला ते उदाहरण पटत नाही, आणि तुझा निम्मा गोंधळ त्यातूनच आलाय असं मला वाटतं. वेटर माणूस असतो. तू अर्धवट बोललीस तरी तो अंदाज बांधतो, चहा म्हणालीस तर साखरेचाच आणतो, काही संपलं असेल तर दुसरं काय आहे ते सांगतो. एपीआय अंदाज बांधत नाही. म्हणून त्याच्यापेक्षा नाडकचेरीतली, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल ऑफिसातली, उताऱ्याची खिडकी डोळ्यासमोर आण, वडिलांबरोबर तू कधीतरी गेलीच असशील. तिथं काय विचारतात? तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा. हे बरोबर दिलंस की उतारा हातात. आत दप्तर कसं लावलंय, कुठल्या कपाटात आहे, कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी तुला काही देणंघेणं नाही आणि तुला आत सोडतही नाहीत. पण हिस्सा चुकला तर तुझ्या शेताचा उतारा येणार नाही, मग तू कितीही म्हण की ओढ्याच्या पलीकडचं ते आंब्याचं झाड असलेलं शेत आमचं. खिडकीला आंब्याचं झाड कळत नाही.

आता त्या खिडकीवर ऐकू येणारी दोन उत्तरं आठव. एक, "हा सर्व्हे नंबर या गावात नाही". दुसरं, जे आपल्याकडे प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलंय, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या". पहिल्यात चूक तुझ्या अर्जात आहे, दुसऱ्यात त्यांच्याकडे. वेबवरच्या एपीआयमध्ये नेमकं हेच तीन आकडी नंबरात सांगतात, त्याला स्टेटस कोड म्हणतात. ४ ने सुरू होणारा नंबर आला की आपलं काहीतरी चुकलं, ५ ने सुरू होणारा आला की त्यांचं. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तसलं काही नाही, ४०१ म्हणजे तू कोण ते दाखवलं नाहीस, ४०३ म्हणजे ओळख पटली पण तुला परवानगी नाही, ४२९ म्हणजे फारच वेळा खिडकीवर आलीस, जरा थांब. २०० म्हणजे ठीक. सगळी यादी पाठ करायची काही गरज नाही, पहिला आकडा बघायची सवय लागली की ५०० आल्यावर आपला कोड रात्रभर उलटापालटा करत बसायची वेळ येत नाही.

गेट आणि पोस्ट या एपीआयकडे अर्ज करायच्या दोन पद्धतींमध्ये अडकलीयस ना, तेही याच खिडकीवर सुटतं. उतारा मागणं म्हणजे गेट. दहा वेळा मागितलास तर दहा कागद मिळतील पण जमिनीच्या नोंदीत काही बदलणार नाही. वारसा लावायचा अर्ज देणं म्हणजे पोस्ट, तो दोनदा दिलास तर दोन अर्ज जमा होतील. म्हणून आपल्या भागात रेंज ये-जा करते तेव्हा गेट असेल तर बिनधास्त परत पाठव, पोस्ट असेल तर आधी पहिला पोचला का ते बघ आणि मग पाठव. तुझ्या प्रोजेक्टला सध्या गेट पुरतं, पोस्ट बाजूला ठेव.

इंग्लिशचं म्हणतेस, तर मला ते कारण खरं वाटत नाही आणि का ते सांगते. तू ज्या भागात राहतेस तिथं घरी मराठी, ऑफिसचे फॉर्म कन्नडमध्ये, कॉलेजची पुस्तकं इंग्लिशमध्ये. सगळं कन्नड वाचता येत नसताना सुद्धा कुठल्या रकान्यात नाव आणि कुठल्यात गावाचं नाव हे तू बरोबर ओळखतेस, कारण फॉर्म कसा असतो ते तुला माहीत आहे. एपीआयचं डॉक्युमेंटेशन वाचणं हे कादंबरी वाचण्यासारखं नाही, फॉर्म वाचण्यासारखं आहे. पत्ता काय, कुठली माहिती द्यायलाच लागते, कुठली दिली नाही तरी चालते, नाव लागतं की नंबर, उत्तरात काय काय येतं, 'की' (म्हणजे तुझी ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची किल्ली) लागते का, दिवसाला किती वेळा विचारता येतं. एवढ्या सहा-सात गोष्टी शोधायच्या आणि वहीत मराठीत लिहून काढायच्या. तेच तेच पन्नासेक शब्द फिरून फिरून येतात, पंधरा दिवसात ते तोंडपाठ होतात.

आता त्या रिकाम्या यादीकडे येते, मला वाटतं तुझा खरा प्रश्न तिथंच आहे. तू लिहिलंयस की कोड चालला, एरर आला नाही, फक्त काही दिसलं नाही. म्हणजे बहुतेक स्टेटस २०० आला असणार. आणि इथंच नवीन मुलं फसतात, २०० म्हणजे "तुझा अर्ज मला समजला आणि हे घे उत्तर" एवढंच. ते उत्तर "या नावाचं माझ्याकडे काही नाही" असंही असू शकतं. तू बाजारभावासाठी डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरचा रोजच्या भावांचा एपीआय घेतलायस, त्यात राज्य, जिल्हा, मार्केट, माल असे फिल्टर लावता येतात. आता विचार कर, आपल्या जिल्ह्याचं नाव काय? आपण म्हणतो बेळगाव. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं. इंग्लिशमध्ये जुन्या कागदांवर एक स्पेलिंग, नव्या कागदांवर दुसरं, आणि मुलं टाइप करतात ते तिसरंच. तुला मला ते एकच गाव आहे, मशीनला ती तीन वेगळी गावं आहेत. एआयने तुला जे स्पेलिंग लिहून दिलं ते त्या डेटामध्ये तसंच आहे की नाही हे एआयने बघितलेलं नाही आणि तूही बघितलेलं नाहीस.

म्हणून फिल्टर लावायच्या आधी जिल्ह्याचा फिल्टर काढून टाक, फक्त कर्नाटक ठेव, आणि आलेलं उत्तर डोळ्यांनी वाच. जिल्हा कसा लिहिलाय, मार्केट कसं लिहिलंय, रताळ्याला काय म्हटलंय, मग ते जसंच्या तसं कॉपी करून फिल्टरमध्ये घाल. हे करताना आणखी एक दिसेल, दहाच ओळी येतात. कर्नाटकात दहाच बाजार आहेत असं नाही, तू लिमिट दिलं नाहीस तर तो एपीआय दहाच देतो, पुढच्या ओळी हव्या असतील तर ऑफसेट, म्हणजे सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा, वाढवत जायचं. साइटवर जी सगळ्यांसाठी नमुन्याची की दिलेली असते तिच्यावर तर दहाच्या वर मिळतच नाही, स्वतः रजिस्टर करून स्वतःची की घ्यायला लागते. आणि तिसरी गोष्ट, त्या दिवशी त्या बाजाराकडून माहिती भरली गेली नसेल तर सगळं बरोबर असून सुद्धा यादी रिकामीच येणार. आदल्या दिवशी चालून दुसऱ्या दिवशी बंद पडलं असं तू म्हणतेस, तर मला ही तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वाटते, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बघून खात्री कर.

आधी उत्तर बघायचं आणि मग कोड लिहायचा, हा माझा सगळ्यांना आग्रह असतो. आपण उलटं करतो, आधी चाळीस ओळी लिहितो, स्क्रीन सजवतो आणि मग काही दिसत नाही म्हणून रडकुंडीला येतो.

याची सवय लावायला भावाचा एपीआय पहिल्यांदा नको, तो जरा किचकट आहे. ओपन-मीटिओ नावाचा हवामानाचा एपीआय आहे, धंद्यासाठी वापरणार नसशील तर फुकट, की लागत नाही, अकाउंट लागत नाही. त्यांच्या डॉक्युमेंटेशनच्या पानावर फॉर्मच आहे, त्यात अक्षांश-रेखांश भरायचे, काय पाहिजे त्यावर टिक करायची, की खाली पूर्ण पत्ता आपोआप तयार होतो. बेळगावचे अक्षांश १५.८५, रेखांश ७४.५० घाल, तपमान आणि पाऊस टिक कर, आणि तो पत्ता सरळ ब्राउझरमध्ये उघड. पायथन नको, काही नको. समोर कंसांचं जंगल दिसेल, घाबरू नकोस, ते जेसन आहे. महिरपी कंस म्हणजे तुझी डिक्शनरी, चौकोनी कंस म्हणजे तुझी लिस्ट, आणि या दोन्ही तुला येतात असं तूच लिहिलंयस.

मग त्या पत्त्यात हाताने बदल कर. बेळगावच्या जागी अथणीचे घाल, १६.७३ आणि ७५.०६. पावसाळ्यात कणकुंबीकडचा पाऊस आणि अथणीचा पाऊस शेजारी शेजारी बघ, एकाच जिल्ह्यात किती फरक आहे तो आकड्यात दिसतो, आणि पत्त्यातला आकडा बदलला की उत्तर बदलतं हे बोटांना कळतं. मग मुद्दाम मोड. १५.८५ मधला टिंब काढून १५८५ कर. उत्तरात एरर येईल आणि सोबत कारण लिहिलेलं येईल की अक्षांश उणे ९० ते ९० मध्येच पाहिजे. ते कारण वाच. मुलं लाल अक्षरं दिसली की पान बंद करतात, आणि उपाय त्या लाल ओळीतच लिहिलेला असतो. अजून एक बघ, टाइमझोन सांगितला नाहीस तर तो वेळ ग्रिनिचची देतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दुपारी पडलेला पाऊस तुला सकाळचा दिसेल. हे मी आधी सांगितलं नसतं तर तू म्हणाली असतीस की एपीआय चुकीचा आहे.

एवढं झालं की मग पायथन उघड, रिक्वेस्ट्स लायब्ररीने तोच पत्ता माग. तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून लाव. टाइमआउट दे, दहा सेकंद वगैरे, कारण तो दिला नाहीस तर रिक्वेस्ट्स उत्तराची वाट बघत किती वेळ बसेल त्याला मर्यादा नाही, आणि बसमध्ये जंगलातून जाताना नेट गेलं की तुझा प्रोग्राम तसाच गोठून राहील. उत्तर वापरायच्या आधी स्टेटस कोड प्रिंट कर. आणि आलेलं पूर्ण उत्तर एकदा फाइलमध्ये साठव, म्हणजे पुढचा कोड त्या फाइलवर लिहिता येतो, प्रत्येक वेळी नेट लागत नाही आणि रिक्वेस्टची मर्यादाही संपत नाही. फाइलमध्ये निपाणीच्या जागी बॅकस्लॅश यू ०९२८, बॅकस्लॅश यू ०९३एफ असलं काहीतरी दिसलं तर डेटा बिघडला असं समजू नकोस. ते निपाणीच आहे, ०९२८ म्हणजे न आणि ०९३एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, युनिकोडमधले नंबर. जेसन डम्प करताना एन्शुअर-अस्की फॉल्स कर आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ दे, मराठी जशीच्या तशी दिसेल. मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं आणि इंग्लिश व्हिडिओत हे कुणी सांगत नाही कारण त्यांना ते लागतच नाही.

कीचं एक सांगायला पाहिजे. सरकारी साइटवर तुला की मिळेल, ती कोडमध्ये लिहून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकू नकोस. वेगळ्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेव आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वर न चढवायच्या फाइलींच्या यादीत, घाल. चुकून गेलीच तर नुसती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या कोडच्या नोंदीत, ती तशीच राहते, सरळ नवी की घ्यायची आणि जुनी बंद करायची.

एआयबद्दल तू जरा अपराधी वाटून लिहिलंयस, "कॉपी करते, चूक आहे ना". कॉपी करणं मला चूक वाटत नाही, आम्हीही दुसऱ्याचा कोड बघूनच शिकलो. पण एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेला पत्ता किंवा नसलेलं फील्ड अगदी खात्रीने लिहून देतं. म्हणून डॉक्युमेंटेशनचं पान शेजारी उघडं ठेव, आणि त्याने लिहिलेला पत्ता आधी ब्राउझरमध्ये टाकून बघ. कोडमधली एखादी ओळ काढली तर काय होईल हे तुला सांगता आलं की तो कोड तुझा झाला. सांगता येत नसेल तर ती ओळ काढ आणि चालवून बघ, लगेच कळतं.

आता थोडं माझं. मी बेळगावात उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कंपनीत होते, माल बाहेरच्या देशात जायचा, म्हणून डॉलरचा दर एका एपीआयवरून घेऊन कोटेशनमध्ये घालायचा प्रोग्राम मी लिहिला होता. एरर आला तर प्रोग्राम बंद पडू नये म्हणून मी ट्राय-एक्सेप्ट लावलं आणि एक्सेप्टमध्ये फक्त पास लिहिलं, म्हणजे चूक झाली तर गप्प बस आणि शेवटचा दर वापर. मग कीची मुदत संपली. एपीआय रोज प्रामाणिकपणे सांगत होता की तुमची की चालत नाही, आणि माझा प्रोग्राम ते ऐकून गप्प बसत होता. आठवडाभर जुन्याच दराने कोटेशन गेली. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा पोटात गोळा आला होता, तो अजून आठवतो. स्क्रीनवर आकडा दिसत होता म्हणून सगळे त्याला आजचा आकडा समजत होते.

हे तुला सांगायचं कारण तुझे वडील. तुझ्या ॲपवर रताळ्याचा भाव दिसला की ते त्याच्यावर विश्वास ठेवतील, मुलीने केलंय म्हणून जास्तच ठेवतील, आणि गाडी भरतील. त्यामुळे भावाच्या शेजारी तारीख दाखव, तितक्याच मोठ्या अक्षरात. उत्तरात ॲरायव्हल डेट येते, तीच घे. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मोडल असे तीन भाव येतात, मोडल म्हणजे त्या दिवशी जास्त करून ज्या भावाला माल गेला तो, आणि हे सगळं क्विंटलचं असतं, वडील पोत्यावर हिशेब करत असतील तर तसं फिरवून दाखव. आजचा भाव आला नसेल तर "आज माहिती आली नाही" असं स्पष्ट मराठीत लिही. आणि तीन-चार जणांना फोन लावायची वडिलांची पद्धत बंद करायच्या मागं लागू नकोस, तो व्यापारी यार्डात उभा राहून सकाळचा भाव सांगत असतो, ते सरकारी डेटामध्ये यायला वेळ लागतो. तुझं ॲप त्यांना मागच्या दिवसांशी आणि दुसऱ्या बाजारांशी ताडून बघायला उपयोगी पडेल. रोज आलेला भाव तू तारखेसकट साठवत गेलीस तर प्रोजेक्ट जमा करेपर्यंत दोन-तीन महिन्यांची तुझी स्वतःची नोंद तयार होईल, आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांपुढे ती ठेवलीस तर बोलायला भरपूर असेल.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, आधी सगळं शिकायला लागतं का. नाही. नेटवर्किंगचं फक्त एवढं की मी मागते, तो देतो, मध्ये वेळ जातो आणि कधी कधी देत नाही. सर्व्हर लिहायला आत्ता येण्याची गरज नाही. जावास्क्रिप्ट तेव्हाच जेव्हा वेबपेजवरून थेट एपीआयला विचारायला जाशील, आणि तिथं सीओआरएस नावाची ब्राउझरची अडवणूक भेटेल, ब्राउझर म्हणेल की समोरच्या सर्व्हरने परवानगी दिल्याशिवाय मी उत्तर तुझ्या पानाला दाखवणार नाही. तोपर्यंत पायथनमध्येच राहा.

आणि क्लास. १५ हजारात काय शिकवणार ते त्यांना लिहून मागून घे. लॉगिन, टोकन, डेटाबेस, स्वतःचा एपीआय तयार करून सर्व्हरवर चढवणं, आणि तुझा कोड कुणीतरी रोज बसून बघणं, हे असेल तर पैसे वाया जाणार नाहीत, कारण चुका दाखवणारं माणूस शेजारी असण्याला किंमत आहे आणि गावात बसून ते मिळत नाही. नुसतं गेट रिक्वेस्ट आणि जेसन असेल तर ते तू हे वाचून झाल्यावर दोन रविवारात करशील. हप्त्याची घाई ते करायला लागलेत, तुला घाई नाही, पुढच्या महिन्यातही ते पैसे घेतीलच. आधी दोन आठवडे हे करून बघ, कुठं अडलीस ते तारीख घालून वहीत लिही, आणि ती वही घेऊनच क्लासमध्ये जा. त्यातल्या तीन अडचणी त्यांना विचार. तिथल्या तिथं बसून, तुझ्या लॅपटॉपवर बघून सांगितलं तर भर पैसे. "हे पुढच्या मॉड्यूलमध्ये येतं" म्हणाले तर उठून ये.

फिल्टर काढून जे पहिलं उत्तर येईल ते मला तसंच कॉपी करून पाठव, अक्षरं फुटलेली असली तरी चालेल, फक्त त्यातली तुझी की काढून पाठव. जिल्ह्याचं नाव कसं लिहिलंय ते आपण दोघी मिळून बघू.